हिवाळ्यातला चिखल आणि लेकीची सायकल

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी हप्त्याबद्दल किंवा बँकेच्या फेऱ्यांबद्दल बोलणार नाही. दारात उभ्या असलेल्या सायकलीबद्दल बोलणार आहे. तुमच्यातल्या काही जणी लगेच म्हणतील, “ताई, सायकलीचं आम्हाला काय कळतं? ते दुकानवाल्याचं काम.” शिलाई मशीन बिघडली तर तुम्ही सुई बदलता, पट्टा घट्ट करता, तेल घालता. पिठाच्या गिरणीचा आवाज बदलला तर तुमच्या कानाला आधी कळतं. सायकल त्याहून सोपी आहे, कारण तिचं सगळं उघड्यावर असतं. बघितलं की दिसतं, हात लावला की कळतं.

आणि हा विषय आत्ताच का, पावसाळ्यात का नाही, तेही सांगते. आपल्या गोदाकाठच्या गावांत खरा चिखल दोनदा होतो. एक पावसाळ्यात आणि दुसरा हिवाळ्यात. कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटतं, चाऱ्या भरून वाहतात, कुठे चारी फुटते, कुठे रात्रीचं भरणं रस्त्यावर येतं. त्याच वेळी कारखान्याचं गाळप चालू असतं आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच पाणंदीतून जातात. ट्रॉलीच्या चाकांनी ओला रस्ता कालवला जातो. वरून पहाटेचं दव असतंच. सकाळी सातला पोरगी शाळेला निघते तेव्हा रस्ता लोण्यासारखा असतो आणि दुपारी ती परत येते तोवर तिच्या सायकलीला लागलेला चिखल विटेसारखा कडक झालेला असतो.

पावसाळ्यात निदान सरीनं थोडाफार चिखल धुऊन तरी जातो. हिवाळ्यात धुवायला पाऊस नाही. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते, हे आपल्याला जमिनीच्या भेगांवरून माहीत आहे. तीच माती सायकलीच्या चेनमध्ये, ब्रेकमध्ये, मडगार्डखाली जाऊन वाळते. पुन्हा दुसऱ्या दिवशी ओली होते, पुन्हा वाळते. असे दोन-तीन महिने गेले की सायकल कुरकुरायला लागते, आणि नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, ती बंद पडते.

हे नुसतं सायकलीचं नुकसान नसतं. बिहार राज्यात 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी त्याचा हिशेब केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. शाळा जितकी लांब, तितका सायकलीचा फायदा जास्त. आपल्याही राज्यात मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला पैसे मिळतात. आधी ते 3,500 रुपये होते, 2022 मध्ये 5,000 झाले. म्हणजे सायकल आली की मुलगी शाळेत जाते, हे सरकारलाही मान्य आहे. पण त्या पैशातून सायकल येते. चेन झिजली, ब्रेकचं रबर संपलं, तर ते आपल्यालाच बघावं लागतं. सायकलीमुळे जी मुलगी शाळेत गेली, ती सायकल बंद पडली की घरी बसते.

आमच्या एका गटातल्या ताईच्या मुलीचं असंच झालं. डिसेंबरात चेन सारखी पडायला लागली. घरात म्हणाले, ऊस गेल्यावर बघू. मुलगी पंधरा दिवस मैत्रिणीच्या मागे बसून गेली. मग ती मैत्रीणही आजारी पडली. महिनाभरानं आजी म्हणाली, “आता राहिलंच किती, बसू द्या घरी.” गटाच्या बैठकीत ती ताई कर्ज मागायला उभी राहिली तेव्हा सगळ्यांना कळलं की पोरीची शाळा चेनपायी अडली आहे. बायांनी त्याच दिवशी अंतर्गत कर्ज मंजूर केलं. पण दुकानात गेल्यावर नुसत्या चेननं भागलं नाही, मागचं फ्रीव्हील आणि पुढचं दातेरी चाकही खराब झालेलं होतं. सुरुवातीलाच चेन बदलली असती तर एकाच वस्तूवर निभावलं असतं.

तर असं का होतं, ते आधी समजून घेऊ. मग काय करायचं ते सांगते. कागद-पेन असेल तर जवळ घ्या.

चेनपासून सुरुवात करू. चेन म्हणजे लहान लहान बिजागऱ्यांची माळ. सायकलीच्या चेनमध्ये असे शंभराच्या वर जोड असतात. प्रत्येक जोडात एक बारीक पिन असते आणि तिच्याभोवती एक नळी फिरते. आपण म्हणतो, चेन लांबली. खरं तर लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि तिची नळी एकमेकांवर घासून झिजतात आणि जोड सैल होतो. दाराची बिजागरी झिजली की दार खाली बसतं, तसंच. एका जोडात मिलीमीटरचा आठवा भाग झीज झाली तरी डोळ्याला दिसत नाही. पण शंभर जोडांची झीज एकत्र केली की चेन जवळजवळ अर्धा इंच लांब होते.

ही झीज चिखलानं का वाढते? आपल्या पाणंदीत नुसती काळी माती नसते, खड्डे बुजवायला मुरूम टाकलेला असतो. मुरमाची बारीक कच धारदार असते. चिकण माती ती कच धरून ठेवते आणि चेनवरचं तेल त्या मातीला धरून ठेवतं. मग माती, कच आणि तेल मिळून घासणीची पूड तयार होते. पोरगी पायडल मारते तेव्हा ती पूड प्रत्येक जोडात दळली जाते. जात्यात धान्य दळलं जातं, इथं मात्र जातंच दळलं जातं.

आता चेन किती झिजली हे कसं ओळखायचं? मुलांच्या कंपासमधली किंवा दप्तरातली पट्टी घ्या. शिवणकामाचा टेप घेऊ नका, तो वापरून ताणलेला असतो. चेनच्या एका पिनेच्या बरोबर मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. चेनच्या पिना अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात, म्हणून चांगल्या चेनची पिन 10 इंचांच्या रेघेवर बरोबर यायला पाहिजे. ती रेघेच्या एक मिलीमीटर पुढे गेली असेल तर चेन झिजायला लागली आहे, लक्ष ठेवा. दोन ते अडीच मिलीमीटर पुढे गेली असेल तर साध्या सायकलीची चेन बदलायची वेळ झाली. गिअरची सायकल असेल तर थांबू नका, दीड मिलीमीटरलाच बदला, कारण तिची चेन आणि दाते दोन्ही पातळ असतात.

चेन कव्हरमुळे पट्टी बसत नसेल तर कव्हरचे दोन-तीन स्क्रू काढा. कव्हर एकदा उघडलं की आत किती चिखल साठलाय तेही दिसेल.

दुसरी सोपी परीक्षा अशी. पुढच्या दातेरी चाकावर चेन बसलेली असते. तिला अगदी समोरच्या बाजूनं चिमटीत धरून पुढे ओढा. चांगली चेन दात सोडत नाही. झिजलेली चेन उचलली जाते आणि खालचा अर्धा दात दिसायला लागतो.

झिजलेली चेन बदलली नाही तर ती दात खाते. दात आधी दोन्हीकडून सारखे असतात. मग ते एका बाजूला झुकतात, टोकदार होतात, विळ्याच्या टोकासारखे. अशा दातांवर नवी चेन टाकली तरी ती घसरते, कारण नव्या चेनचं माप आणि जुन्या दातांचं माप जुळत नाही. म्हणून दुकानदार म्हणतो, सगळंच बदला. तो फसवत असतो असं नाही. पण वेळेवर चेन बदलली असती तर त्याला तसं म्हणावं लागलं नसतं.

आता धुण्याबद्दल. शेतातल्या मोटारीच्या पाइपाचा जोरात फवारा सायकलीवर मारायची आपल्याकडे सवय आहे. वरचा चिखल झटकन निघतो, म्हणून बरं वाटतं. पण चाकाच्या मधोमध आणि पायडलच्या आसाजवळ छर्रे असतात आणि त्यांना ग्रीस लावलेलं असतं. जोराच्या पाण्यानं ते ग्रीस निघतं आणि गढूळ पाणी आत शिरतं. बाहेरून सायकल चकाचक आणि आतून छर्ऱ्यांना गंज. म्हणून बादली, तांब्या आणि जुना ब्रश एवढंच वापरा.

क्रम असा ठेवा. पोरगी घरी आली की चिखल पूर्ण वाळायच्या आत काडीनं किंवा जुन्या उलथन्यानं मडगार्डखालचा, ब्रेकजवळचा गोळा काढा. मग तांब्यानं पाणी ओतत ब्रश फिरवा. वरून खाली धुवा, चेन सगळ्यात शेवटी. मग सायकल दोनदा जमिनीवर हलकी आपटा, पाणी निथळेल. कोरड्या चिंधीत चेन धरून पायडल उलटं फिरवा. चिंधी काळी होईल, तीच ती घासणीची पूड. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. रोज पाणी घालून धुवायची गरज नाही, पण गोळा रोज काढा आणि चेन रोज पुसा.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे खूप गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरात असलेलं खायचं तेल चेनला घालू नका. करडईचं, जवसाचं तेल हवेत वाळतं आणि चिकट राळ होतं, त्यात धूळ बसते. खोबरेल थंडीत गोठतं, ते आत जातच नाही. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून घालतात, पण त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. ते चेनला वाईट आणि आपल्या हाताच्या कातडीलाही वाईट. डिझेलनं चेनचा जुना मळ निघतो, पण डिझेल म्हणजे वंगण नाही. ते वापरलं तर चेन पुसून पूर्ण वाळवा आणि मग तेल घाला. डिझेल चुलीपासून लांब ठेवा आणि टायरला, ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका.

मग घालायचं काय? शिलाई मशीनचं तेल चालतं. ते पातळ असतं म्हणून जोडात लवकर शिरतं, पण लवकर धुऊनही जातं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा घालावं लागतं. मोटारसायकलचं नवं इंजिन ऑईलही चालतं, ते जास्त टिकतं.

कसं घालायचं? संध्याकाळी, चेन कोरडी असताना. प्रत्येक जोडावर एकच थेंब. संपूर्ण चेनला जेमतेम चहाचा एक चमचा तेल पुरतं. मग पायडल उलटं वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कोरड्या चिंधीनं बाहेरचं तेल पुसून टाका. हे पुसणं विसरू नका. तेल जोडाच्या आत पाहिजे, बाहेर नको. बाहेर राहिलेलं तेल चिखलाला आमंत्रण देतं. वरून तेलानं निथळणारी चेन बघून समाधान मानू नका.

आता ब्रेक. ही पैशाची नाही, जिवाची गोष्ट आहे. नीट ऐका.

आपल्या बहुतेक मुलींच्या सायकलीला रबराचे ब्रेक असतात. ते चाकाच्या लोखंडी रिमला घासून चाक थांबवतात. ओली लोखंडी रिम गुळगुळीत होते आणि ब्रेक नेहमीसारखा लागत नाही. कोरड्यात जिथं सायकल थांबते, त्याच्या कितीतरी पुढे ती ओल्यात जाते. म्हणून लेकींना सांगा: चिखलातून, पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दोन-तीनदा दाबत जा, म्हणजे रिम पुसली जाईल. उतार, फाटा, डांबरी रस्ता यायच्या आधीच वेग कमी करा. ट्रॉली समोर आल्यावर ब्रेक आठवायचा नाही. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा. नुसता पुढचा जोरात दाबला तर चिखलात चाक घसरतं.

आठवड्यातून एकदा ब्रेकचं रबर बघा. त्यावर खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की रबर संपलं, बदला. रबरात मुरमाचे कण रुततात आणि ते रिमला कानशीसारखे खरवडतात. करकर आवाज आला तर समजा की कण रुतलाय. पिनेनं किंवा सुईनं तो काढा आणि रबर जरा पॉलिश पेपरवर घासा. रिमच्या कडेवरून बोट फिरवा. मध्ये खोलगट लागत असेल तर रिम पातळ झाली आहे, दुकानात दाखवा. पातळ रिम भरल्या टायरच्या दाबानं फाटू शकते.

ब्रेकची तारही बघा. हँडलजवळ जिथं तार मुठीत अडकते, तिथं तिचे धागे तुटायला लागतात. एक धागा तुटलेला दिसला तरी तार बदला. ती स्वस्त असते. आणि ब्रेक दाबल्यावर मूठ हँडलला टेकत असेल तर ती सायकल त्या दिवशी दारातच राहू द्या.

हल्ली काही मुलांकडे जाड टायरच्या, गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या सायकली आल्या आहेत. दिसायला दणकट. त्यांच्या टायरवरच्या गाठी मोकळ्या चिखलात पकड घेतात, हे खरं. पण आपली काळी माती त्या गाठींमध्येच बसते आणि टायर गुळगुळीत होतो. गिअरच्या मागच्या लहान चक्रांत चिखल आणि गवत अडकतं. तसंच जोर लावून पायडल मारलं तर गिअरचा खालचा हात वाकतो, मोडतो, कधी तारांमध्ये जातो. म्हणून पायडल जड लागलं की उतरायचं, काडीनं चिखल काढायचा, मग पुढे. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा थेंबही लागता कामा नये. त्याच्या पॅडचा घासणारा थर एक मिलीमीटर उरला की पॅड बदला. चिखलात हे पॅड फार लवकर संपतात.

नवी सायकल घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे. आपला भाग सपाट आहे. शाळेच्या चार-पाच किलोमीटरला गिअर लागत नाही. मडगार्ड, चेन कव्हर आणि साध्या ब्रेकची एका चक्राची सायकल घ्या. तिचे भाग तालुक्याच्या प्रत्येक दुकानात मिळतात आणि तुम्ही स्वतः ती खोलू शकता. पोरगी म्हणेल, मला तशी पाहिजे, जाड टायरची. तिला सगळं समजावून सांगा आणि मग तिनं ठरवावं. सांभाळायची तिलाच आहे.

मडगार्डबद्दल एक युक्ती सांगते. चिखल अडकतो म्हणून काही जण मडगार्ड काढून टाकतात. मग पुढच्या चाकाचा सगळा चिखल चेनवर आणि पायडलच्या आसावर उडतो. त्यापेक्षा मडगार्डच्या पट्ट्यांचे नट सैल करून ते बोटभर वर घ्या, जागा मोकळी होईल. आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा नट-बोल्टनं लावा. जमिनीपासून चार बोटं वर राहील एवढा खाली सोडा. या एका तुकड्यानं चेनवर येणारा चिखल खूप कमी होतो. खर्च काहीच नाही.

शेवटी छर्रे. चाक जमिनीवरून उचला आणि फिरवा. खरखर आवाज आला तर आत माती गेली आहे. मग चाकाचा वरचा भाग धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट हललं तर आसाचे नट सैल आहेत. पायडलचा दांडा धरूनही तसंच हलवून बघा. असं हलत असताना सायकल चालवत राहिलात तर छर्रे आपल्या बसायच्या वाटीला खड्डे पाडतात, मग वाटीही बदलावी लागते. वर्षातून दोनदा छर्रे काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्या. दिवस लक्षात ठेवायचे तर असं करा: पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत एकदा, आणि ऊस संपल्यावर होळीला एकदा.

आता गटानं काय करायचं? उमेदच्या दशसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब यांच्यासोबत शिक्षणही आहे. आपण बैठकीत शिक्षणाचा विषय लिहितो, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. तर हे करा.

महिन्याच्या एका बैठकीला ज्यांच्या घरी शाळकरी मुलींच्या सायकली आहेत त्यांनी त्या घेऊन याव्यात. एक पट्टी, एक सुई, एक चिंधी. चेन मोजा, रबर बघा, चाक हलवा. प्रत्येक सायकलीला पाच मिनिटं. वहीत तारीख, मुलीचं नाव आणि चेन किती पुढे गेली ते मिलीमीटरमध्ये लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. वाढत चाललेला आकडा दिसला की खर्च यायच्या आधीच कळेल.

गटाची एक पेटी करा. त्यात 10 पासून 15 नंबरपर्यंतचे पान्हे, एक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, तेलाची बाटली, ग्रीसचा डबा आणि चेनचं एक जादा लॉक ठेवा. हे लॉक बसवताना एक लक्षात ठेवा: त्याच्या चिमट्याचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला पाहिजे, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर कशाला तरी अडकून निघतं आणि चेन सुटते.

पैशाचं म्हणाल तर गटात 12 जणी असतील आणि प्रत्येकीनं महिन्याला 10 रुपये वेगळे ठेवले तर वर्षाला 1,440 रुपये जमतात. ते बचतीत मिसळू नका, त्याचं वेगळं पान ठेवा. तालुक्याच्या दोन-तीन दुकानांत जाऊन चेन, रबर, तार, फ्रीव्हील यांचे भाव विचारून ते वहीत लिहून ठेवा. भाव माहीत असले की दुकानात आपण अंदाजानं बोलत नाही.

आणि पान्हा लेकीच्या हातात द्या. आईनं धुऊन दिलेली सायकल आईच्या गैरहजेरीत बंदच पडते. 1991-92 च्या सुमारास तामिळनाडूच्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बाया सायकल शिकल्या. बाई सायकलवर दिसली की लोक आधी हसायचे, मग सवय झाली. आपल्या गावात पोरगी सायकल चालवते याला आता कोणी हसत नाही. तिच्या हातात पान्हा दिसला तर काही दिवस हसतील. हसू द्या.

एक काम मात्र पान्ह्यानं होणार नाही. रस्त्यावर येणारं चारीचं पाणी आणि ट्रॉल्यांनी मोडलेली पाणंद हा ग्रामसभेचा विषय आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे. आधी महिला ग्रामसभेत विषय मांडा: शाळेच्या वाटेवरची पाणंद पहिल्यांदा घ्या. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तिथं आपली ती वहीही दाखवा. गावातल्या किती मुलींच्या सायकली त्या रस्त्यानं किती झिजल्या, याचे आकडे वहीत असतील. आकडे असले की आपलं म्हणणं कोणी उडवून लावत नाही.

थोडक्यात पुन्हा सांगते, लिहून घ्या. चिखलाचा गोळा रोज काढा, चेन रोज पुसा. आठवड्यातून दोनदा थेंब थेंब तेल, सकाळी पुसून. आठवड्यातून एकदा ब्रेकचं रबर आणि तार. महिन्यातून एकदा पट्टीनं चेन. दिवाळीला आणि होळीला ग्रीस. मोटारीचा पाइप नको, जळकं ऑईल नको, खायचं तेल नको.

येत्या रविवारी मुलगी घरी असेल तेव्हा तिला बोलवा, पट्टी घ्या आणि दोघी मिळून चेन मोजा. आकडा काय आला ते पुढच्या बैठकीत वहीत लिहा. परीक्षेला अजून वेळ आहे. आत्ता कळलं तर दुरुस्तीला सवड मिळेल.